अ‍ॅम्ब्युलन्स फाटकातून आत येण्याआधी

सोलापूरला तीन बाजूंनी महामार्ग येऊन मिळतात: पुणे–हैदराबाद ६५, विजयपूरकडे जाणारा ५२ आणि सांगली-मंगळवेढ्याकडून येणारा १६६. गळीत हंगाम सुरू झाला की मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतल्या गड्ड्याची गर्दी, आषाढीला पंढरपूरची वाट, आणि बारा महिने यंत्रमागात सापडणारे हात. गंभीर जखमी रुग्ण कधी येईल ते आपल्याला माहीत नसतं, पण कसा येईल ते बरंचसं माहीत असतं. म्हणून गंभीर जखमीसाठीच्या तयारीची ही यादी शहरातल्या आणि मोहोळ, अक्कलकोट, टेंभुर्णीसारख्या गावांतल्या लहान-मध्यम रुग्णालयांसाठी आहे. सीएमओंनी (कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी) वाचावी, सिस्टर-ब्रदरनी वाचावी, आणि मामा-मावशींना (वॉर्डबॉय-आयांना) वाचून दाखवावी.

ड्यूटी हातात घेताना इमर्जन्सीच्या सामानाची ट्रॉली नुसती डोळ्यांनी बघू नका, प्रत्येक वस्तू हातात घ्या. सक्शन चालू करून नळीचं तोंड अंगठ्याने दाबा आणि काटा चढतो का ते बघा. रक्ताने, उलटीने भरलेला घसा दुसऱ्या कशानेही साफ होत नाही, आणि ऐन वेळी दगा देणारी पहिली वस्तू बहुतेक तीच असते. लाइट गेली तर पायाने चालणारं सक्शन खोलीतच हवं, स्टोअरमध्ये नको. ऑक्सिजनचा जम्बो सिलिंडर उघडून दाब वाचा, आणि त्याची चावी सिलिंडरलाच साखळीने बांधा. घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून बघा, सेल जादा ठेवा. हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग मोठ्यांची आणि लहान मुलांची अशी वेगळी, मास्कसकट. श्वासनलिकेत घालायची एंडोट्रॅकियल ट्यूब ७, ७.५ आणि ८, जोडीला बुजी, म्हणजे ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी. ट्यूब जातच नसेल तर गळ्यातून वाट करायला १० नंबरचं ब्लेड, बुजी आणि ६ नंबरची ट्यूब एकाच पाकिटात चिकटवून ठेवा. ते पाकीट वर्षानुवर्षं न उघडता पडून राहिलं तरी चालेल, मुदत संपली की बदला.

१०८ वरून किंवा पोलिसांकडून फोन आला की चार गोष्टी विचारा: काय घडलं, कुठे कुठे लागलंय, आत्ता नाडी-श्वास-रक्तदाब किती, आतापर्यंत काय केलं. पाचवी गोष्ट नेहमी विसरते, ती म्हणजे जखमी एकूण किती. उत्तरं चिठ्ठीवर नको, भिंतीवरच्या फळ्यावर लिहा, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसतील. मग कामं नावानिशी, मोठ्याने वाटा. एक जण डोक्याशी, दोघं दोन बाजूंना, एक वेळ लिहायला. प्रमुख रुग्णाच्या पायांशी उभा राहील, आणि शक्य तोवर स्वतः हात घालणार नाही. चौघं डॉक्टर एकाच हाताची शीर शोधतायत आणि श्वासाकडे कुणाचंच लक्ष नाही, हे घडतं ते कामं वाटलेली नसतात म्हणून. हातमोजे, एप्रन, चष्मा हे सगळं रुग्ण यायच्या आधीच अंगावर असू द्या.

पुढचा क्रम, म्हणजे आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, जगभर पाळला जातो, आणि तो जन्मला आपल्यासारख्याच छोट्या रुग्णालयाच्या अनुभवातून. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकांचं विमान शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं गंभीर जखमी झाली. गावातल्या रुग्णालयात जे उपचार मिळाले ते पाहून, डॉक्टरांना याचं शिक्षणच दिलेलं नाही, हे त्यांनी ओळखलं. १९७८ मध्ये तिथे पहिला अभ्यासक्रम झाला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. म्हणूनच ‘हे मोठ्या हॉस्पिटलांचं काम’ असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

या क्रमात आता श्वासमार्गाच्याही आधी एक पायरी आली आहे: धो-धो वाहणारं रक्त थांबवणं. माझ्या मते आपल्याकडे सर्वांत कच्ची तयारी इथेच असते. दांडी पिळून आवळायचा खरा टूर्निके किमान दोन, ट्रॉलीच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवा. सलाइनची रबरी नळी त्याच्याऐवजी चालत नाही. यंत्रमागात चिरडलेल्या हाताला जखमेच्या वर चार बोटं, सांधा सोडून बांधा, रक्त थांबेपर्यंत आवळा आणि बांधल्याची वेळ पट्ट्यावरच लिहा. मांडीच्या सांध्यात किंवा काखेत टूर्निके बसत नाही, तिथे गॉज ठासून भरून दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं, आणि दाबणाऱ्याने उचलून बघायचं नाही. कंबरेचं हाड मोडल्याची शंका असेल तर घडी केलेलं बेडशीट स्ट्रेचरवर आधीच अंथरून ठेवा. ते खुब्यांच्या पातळीवर आवळायचं असतं. बरेचदा ते वर पोटावर बांधलं जातं आणि मग त्याचा काही उपयोग होत नाही.

दोन जाड सुया लावा, करड्या १६ किंवा हिरव्या १८ नंबरच्या. पहिल्या सुईबरोबरच ग्रुप आणि क्रॉसमॅचचं रक्त काढा आणि ते घेऊन ब्लड बँकेत कोण जाणार, हे आधीच ठरवा. मोठ्या माणसाला गरम सलाइन एक लिटरपर्यंत, पुढे रक्तच. ओ निगेटिव्ह मिळालं नाही तर पुरुषांना आणि मूल होण्याचं वय उलटलेल्या स्त्रियांना ओ पॉझिटिव्ह चालतं. रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत, मग १ ग्रॅम आठ तासांत, पण सुरुवात अपघातापासून तीन तासांच्या आत. वीस हजारांवर रुग्णांचा समावेश असलेल्या २०१० सालच्या क्रॅश-२ चाचणीत या औषधाने मृत्यू घटलेले दिसले. औषध स्वस्त आहे आणि ते खोलीतच हवं, खालच्या मेडिकलमधून आणायला लावू नका.

मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीपार असतो, म्हणून आपण एसी लावतो. पण रक्त गेलेलं शरीर गार पडतं, आणि गार शरीरात रक्त नीट गोठत नाही. रुग्ण येण्याआधी एसी आणि पंखा बंद करा. सलाइन ३९ अंशांपर्यंत गरम करून ठेवा. कपडे कापायची मोठी कात्री हाताशी ठेवा, आणि तपासून झालेला भाग लगेच झाका. धुतलेल्या दोन जाड सोलापुरी चादरी खोलीत ठेवायला काय हरकत आहे?

छातीत हवा कोंडली, श्वास अडला आणि रक्तदाब पडला तर एक्स-रेची वाट बघायची नाही. मोठ्या माणसात बरगड्यांमधल्या चौथ्या किंवा पाचव्या फटीत, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे सुई घालायची. मागोमाग आयसीडी (छातीत घालायची निचऱ्याची नळी) लागेल, म्हणून २८ आणि ३२ नंबरच्या नळ्या, पाण्याची बाटली आणि टाके सगळं एकत्र ठेवा. मान तपासून होईपर्यंत कॉलर राहू द्या. रुग्णाला कुशीवर वळवायला चौघं लागतात. दिवस भरत आलेली गर्भवती असेल तर तिला डावीकडे कलती ठेवा.

ग्लासगो कोमा स्केलवर गुण देऊन शुद्ध मोजताना आपल्या शहराचा विचार करा. पूर्व भागातला विणकर तेलुगूत बोलेल, अक्कलकोटकडचा शेतकरी कन्नडमध्ये, आणि ड्यूटीवरचा नवा डॉक्टर कागदावर ‘असंबद्ध बडबड’ लिहून एक-दोन गुण कापेल. त्या गुणांवर ट्यूब टाकायची की नाही हे ठरतं, कारण आठ किंवा त्याखाली गुण आले तर श्वासमार्ग ताब्यात घ्यावा लागतो. ‘मी पेरु एमिटि?’ आणि ‘निम्म हेसरु एनु?’ हे नाव विचारणारे दोन प्रश्न देवनागरीत लिहून भिंतीवर लावा. ड्यूटीवर कोणाला कुठली भाषा येते तेही फळ्यावर असू द्या. बहुतेक वेळा ती मावशींना येत असते.

कागदपत्रं उपचारांच्या मागून येतात. आधी जीव वाचवा, एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजना २०२५ पासून आहे. तिची माहिती काउंटरवरच्या माणसाला असायला हवी, म्हणजे डिपॉझिटसाठी नातेवाइकांना कोणी अडवणार नाही.

पुढे पाठवायचं असेल तर ते लवकर ठरवा. ऑपरेशन करणारा सर्जन आपल्याकडे नसेल तर सिटी स्कॅनसाठी रुग्णाला थांबवू नका. सिव्हिलला, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात किंवा जिथे पाठवणार तिथे, डॉक्टरने डॉक्टरशी स्वतः फोनवर बोलावं. गाडी निघण्याआधी नळ्या, सुया, ऑक्सिजन पुन्हा तपासा. सोबतच्या कागदावर टूर्निकेची वेळ, दिलेली औषधं, घातलेलं रक्त आणि आधी व नंतर मोजलेली शुद्ध एवढं तरी असावं. गाडी गेली की ट्रॉली भरा. जे कमी पडलं ते रजिस्टरमध्ये लिहा आणि पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरना ते वाचून दाखवून त्यांची सही घ्या.