शेवटच्या माणसापासून आराखडा कसा करायचा

आपत्तीच्या तालमीचा भोंगा वाजला, मैदान भरलं, टाळ्या झाल्या. मी घड्याळ लावून बसले होते. अकरा मिनिटं. खूश होऊन घरी आले, तर आई खिडकीशी सुईत दोरा ओवत बसलेली. "बाहेर एवढी पळापळ कसली गं?" तिला कमी ऐकू येतं हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. आपत्तीचा आराखडा मीच लिहिला होता आणि त्यात तीच नव्हती.

तेव्हापासून मी हे काम उलट्या टोकाने करते. पूर असो, वादळ असो की उष्णतेची लाट, पद्धत तीच.

सुरुवात यादीपासून. मतदारयादी उतरवून काढू नका. भाडेकरू, कामासाठी आलेली कुटुंबं, पुलाखाली झोपणारी माणसं तिच्यात नसतात, आणि पाणी आधी त्यांच्याच दारात येतं. पायी फिरा, तेही दोनदा: एकदा दुपारी, एकदा रात्री आठनंतर, कारण दिवसा कामावर गेलेली माणसं भेटत नाहीत. बायकांशी बोलायला बाईच हवी. आणि "घरात कोणी अपंग आहे का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" असंच येतं. लाज असते, शिवाय म्हातारपणाला कोणी अपंगत्व म्हणत नाही. त्याऐवजी 'वॉशिंग्टन ग्रुप'चे, म्हणजे अपंगत्वाची मोजणी ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या गटाचे, सहा प्रश्न वापरा, अनेक देशांत जनगणनेत वापरतात ते. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? यंत्र लावूनही ऐकायला? चालायला, पायऱ्या चढायला? आठवायला किंवा लक्ष लावायला? अंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः करायला? आपलं बोलणं दुसऱ्याला समजावायला किंवा दुसऱ्याचं समजायला? उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडा, खूप, जमतच नाही. जुन्या पद्धतीने माझ्याकडे तीन नावं आली होती. या प्रश्नांनी दोन पानं भरली.

यात मी माझे प्रश्न जोडते: रोजचं औषध कोणतं, विजेवर चालणारं यंत्र आहे का, कोणी गरोदर आहे का, जनावर आहे का. जनावर सोडून माणूस हलत नाही, उगाच समजूत घालत बसू नका, त्याच्यासाठीही जागा ठरवा.

ही यादी भिंतीवर चिकटवायची नाही. मी चिकटवली होती. दुसऱ्या दिवशी एकट्या राहणाऱ्या एका बाईने ती फाडून माझ्या हातात दिली. तिचं बरोबर होतं, कोणत्या घरात बाई एकटी असते हे मी चौकात लिहून ठेवलं होतं. आता दोन प्रती असतात, दोघींकडे, आणि नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारलेलं असतं.

इशारा एकाच वाटेने देऊ नका. भोंगा ऐकू येणाऱ्यांसाठी, मोबाइल ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी. आजच्या बांगलादेशात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या चक्रीवादळ सज्जता कार्यक्रमात आज सत्तर हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत, त्यातल्या निम्म्या स्त्रिया. ते झेंडे लावतात, कर्ण्यावर ओरडतात, दारं ठोठावतात. तुम्हीही यादीतल्या प्रत्येक नावापुढे दार ठोठावणाऱ्या दोघांची नावं लिहा. दोघांची, कारण त्यातला एक नेमका बाहेरगावी असतो. आणि ठोठावणाऱ्याने काय बोलायचं तेही ठरवून द्या: कुठे जायचं, किती वेळ आहे, सोबत काय घ्यायचं. नुसतं "सतर्क राहा" ऐकून कोणी काय करायचं?

आता निवारा, म्हणजे माझा राग जिथे उफाळतो ती जागा. सगळ्यात आधी विचारा, किल्ली कोणाकडे आहे? मी पाहिलेल्या एका निवाऱ्याची किल्ली तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाकडे होती. दुसरा निवारा पहिल्या मजल्यावर, उतार नाही, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाने पूर खालीच बसून बघायचा. रात्रीच्या अंधारात, बाळाला घेऊन स्वतः तिथे चालून जा, मग कळेल. बांगलादेशातल्याच १९९१ च्या वादळात २० ते ४४ वयोगटात हजारी ७१ स्त्रिया गेल्या आणि १५ पुरुष. कारणं अनेक होती: निवाऱ्यात बायकांसाठी आडोसा नव्हता, पुरुष घरी येईपर्यंत त्या थांबल्या, मुलं त्यांच्याच कडेवर होती. म्हणून वेगळी खोली, आतून लागणारी कडी आणि दिवा, हे आधी करायचं. मोजमापासाठी 'स्फिअर' मानकं, म्हणजे आपत्तीतल्या मदतीची जगभर मानली जाणारी किमान मापं, हाताशी ठेवा: माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, रोज किमान १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचालय.

उष्णतेच्या लाटेला भोंगा नसतोच. जुलै १९९५ मध्ये शिकागोत नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. कितीतरी जण एकटे राहणारे, म्हातारे, चोरांच्या भीतीने खिडक्या लावून बसलेले. तिथे दार ठोठावणारेच कामाला येतात. दिवसातून दोनदा जा, आणि दारातून हाक मारून परत फिरू नका, आत जाऊन पाणी प्यायला लावा.

पैशांचं नीट ठरवा. रोजंदारीवरच्या माणसाला बैठकीला बोलावलंत तर त्याचा बुडालेला रोज द्या, नाहीतर बैठकीत फक्त पगारदार बसतील आणि आराखडा त्यांचाच होईल. मदत घरमालकाच्या नावाने मिळते आणि सामान वाहून जातं भाडेकरूचं, तेव्हा भाडेकरू किती दिवस राहतोय याची शेजाऱ्यांच्या सह्यांची नोंद आजच करून ठेवा. आणि जमलं तर मदत आधीच द्या. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात जमुनेच्या पुराचा अंदाज येताच संयुक्त राष्ट्रांनी पूर शिगेला पोचण्याआधी कुटुंबांच्या हाती रोख रक्कम दिली. वाट पाहायला लागली की माणसं आधी शेळी विकतात, मग कर्ज काढतात.

शेवटी तालीम. पहिला माणूस पोचला तेव्हा नाही, शेवटचा पोचला की घड्याळ थांबवायचं. गेल्या खेपेला बावन्न मिनिटं लागली. आई सत्तेचाळिसाव्या मिनिटाला आली, सुईदोऱ्याचा डबा घेऊन. सगळ्यांत शेवटी आली ती एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची शुश्रूषा करणारी बाई. ती त्यांच्याच घरी मुक्कामाला असते. आजोबांना चौघांनी उचलून केव्हाच आणलं होतं. तिला न्यायला कोणी गेलं नाही, कारण तिचं नाव दोन पानांत कुठेच नव्हतं.