पस्तिशी ओलांडलेल्या जखमी बचावपटूला कबड्डी संघात घेताना

बडोद्यात दिवाळी आटोपून रात्री गार होऊ लागल्या की प्रकाशझोतातील कबड्डी स्पर्धांचे दिवस येतात, आणि त्याच सुमारास मंडळाच्या व्यवस्थापकाकडे एखादा जुना, नावाजलेला बचावपटू येऊन यंदा तुमच्याकडून खेळू द्या, अशी विनंती करतो. त्याचे वय पस्तिशीच्या पुढे असते, गुडघा किंवा खांदा गेल्या मोसमात दुखावलेला असतो, आणि तरीही एकेकाळी त्याने उजव्या कोपऱ्यात केलेल्या पकडी पाहिलेली माणसे मंडळात असतात. दांडिया बाजार परिसरातील एका मंडळाच्या संघाचे काम पाहताना मी असे तीन खेळाडू राखीव फळीसाठी घेतले. त्यांपैकी दोघांचा संघाला खरोखर उपयोग झाला, तर तिसऱ्याच्या बाबतीत माझा निर्णय चुकला. पुढील मार्गदर्शन या तिन्ही अनुभवांवर आधारलेले आहे.

आपल्या शहरात हा निर्णय भावनेच्या भरात घेतला जाण्याचा धोका अधिक असतो. १९२३ मध्ये येथील हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम बांधून अखिल भारतीय स्पर्धा भरवली, तेव्हापासून या खेळाविषयीचा जिव्हाळा येथील मराठी घरांत टिकून आहे, आणि ज्याच्याकडून आपण स्वतः घोटापकड शिकलो त्याला तोंडावर नकार देणे कोणालाच जमत नाही. म्हणून माणूस समोर येण्यापूर्वीच, शक्य तर दसऱ्याच्या आसपास, आपल्या बचावात नेमकी कोणती उणीव आहे हे कागदावर लिहून ठेवावे. 'अनुभवी बचावपटू हवा' एवढे लिहून भागत नाही. 'उजव्या कोपऱ्यातील आपला मुलगा चांगला आहे, पण सामना अटीतटीचा झाला की घाईने सूर मारतो, त्यामुळे शेवटच्या दहा मिनिटांसाठी त्या जागी शांत डोक्याचा खेळाडू हवा', इतके स्पष्ट लिहिता आले तरच पुढे जावे.

जागा किती मोलाची आहे याचाही हिशेब करावा. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये मुख्य संघातच ५३ खेळाडू असतात आणि त्याखेरीज सरावासाठी वेगळे पथक असते, त्यामुळे तेथील संघ वयस्क, नुकत्याच दुखापतीतून उठलेल्या बचावपटूला केवळ खबरदारी म्हणून घेऊ शकतात, आणि तरीही वैद्यकीय तपासणीत तो उत्तीर्ण झाल्याशिवाय सहसा करार पक्का करत नाहीत. आपल्याकडे संघ बारा जणांचा असतो, त्यांतील सात मैदानात आणि पाच बाहेर. त्या पाचांतील एक जागा अर्धवट बऱ्या झालेल्या खेळाडूला दिली, तर तपासणीची गरज त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त आहे, असे मी मानतो.

वय हे नकाराचे कारण असू नये. १९७५ मध्ये जन्मलेल्या धर्मराज चेरलाथन यांनी २०१६ मध्ये पाटणा पायरेट्सचे नेतृत्व करून प्रो कबड्डी लीगचे विजेतेपद मिळवले, आणि २०१९ च्या मोसमात ते चव्वेचाळिसाव्या वर्षी हरियाणा स्टीलर्सकडून खेळले. त्या वयात कोपरारक्षक टिकतो तो पायांच्या वेगावर टिकत नाही. चढाईपटूचे वजन कोणत्या पायावर आले आहे हे ओळखणे, योग्य जागी उभे राहणे आणि पकडीची वेळ साधणे, या गोष्टी वयाबरोबर पक्क्या होत जातात. परंतु चेरलाथन यांनी शरीर वर्षानुवर्षे राखले होते, आणि आपल्यासमोरचा खेळाडू कदाचित आठ महिने घरी बसलेला असतो, हा फरक विसरता कामा नये.

तपासणीचा क्रम मी असा ठेवतो. सर्वप्रथम वजन करावे, कारण वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलोंची मर्यादा असते आणि दुखापतीच्या काळात वाढलेले सहा-सात किलो तीन आठवड्यांत उतरवण्याच्या प्रयत्नात माणूस अशक्त होतो. त्यानंतर दुखापतीचे सर्व जुने कागद मागवावेत: एमआरआयचा अहवाल, शस्त्रक्रिया झाली असल्यास तिची तारीख, फिजिओथेरपी किती दिवस केली आणि केव्हा सोडली. गुडघ्याच्या एसीएल अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर नऊ महिने पूर्ण होण्यापूर्वी त्याला पकडीच्या खेळात उतरवू नये, मग तो स्वतः कितीही ठणठणीत असल्याचे सांगो. खांदा निखळला असेल तर चाळिशीच्या जवळपास खांद्याभोवतीचे स्नायुबंधही फाटलेले असण्याची शक्यता वाढते, म्हणून हात वर जातो आहे एवढ्यावर समाधान मानू नये. डोक्याला मार बसून चक्कर किंवा विस्मरण झाले असल्यास डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय चर्चाच पुढे नेऊ नये, कारण घोटा पकडायला वाकलेल्या बचावपटूच्या कपाळावर चढाईपटूचा गुडघा आदळणे ही या खेळात नेहमीची गोष्ट आहे. पस्तिशीपुढच्या प्रत्येक खेळाडूचा रक्तदाब, साखर आणि हृदयाचा ईसीजी पाहून घ्यावा. हा खर्च मंडळाने करावा, खेळाडूवर टाकू नये.

यानंतर आखाड्यातील चाचणी. एका पायावर उभे राहून सावकाश बसायला लावावे आणि गुडघा आत वळतो का ते समोरून पाहावे. एका पायावरची लांब उडी दोन्ही पायांनी स्वतंत्रपणे मारायला लावून अंतर मोजावे, आणि जखमी पायाचे अंतर चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपेक्षा कमी भरले तर चाचणी तेथेच थांबवावी. पुढे कोपऱ्यात उभे करून मुलांना दहा चढाया अर्ध्या वेगाने आणि दहा पूर्ण वेगाने करायला सांगाव्यात. पकडी किती झाल्या हे मी लिहून ठेवत नाही. चढाईपटू अचानक दिशा बदलतो तेव्हा हा माणूस दुखऱ्या पायावर भार देतो की नकळत अर्धे पाऊल मागे राहतो, हे मी पाहतो. ज्या पृष्ठभागावर स्पर्धा आहे त्याच पृष्ठभागावर ही चाचणी घ्यावी, कारण मातीत पाय थोडा घसरतो आणि गुडघ्यावरचा पीळ कमी होतो, तर मॅटवर बुटाचा तळ घट्ट धरला जातो आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी जाऊन गुडघा प्रत्यक्ष पाहावा. सूज आहे का, जिना उतरताना तो कठड्याला धरतो का, हे पाहिल्यावर जे समजते ते आदल्या संध्याकाळच्या खेळावरून समजत नाही. माझी चूक नेमकी येथेच झाली होती. तिसऱ्या खेळाडूची चाचणी इतकी उत्तम झाली की मी त्याच रात्री होकार दिला. चाचणीपूर्वी त्याने वेदनाशामक इंजेक्शन घेतले होते हे मला दुसऱ्या सामन्यात समजले, जेव्हा साधी साखळी धरताना त्याचा गुडघा मुडपला आणि त्याला चौघांनी उचलून बाहेर आणावे लागले. त्याने ते लपवले हे खरे, परंतु मी विचारलेही नव्हते. तेव्हापासून चाचणीपूर्वीचे दोन दिवस कोणतीही वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घ्यायचे नाही, अशी अट मी आधी सांगतो. "दादा, तुम्ही खेळावे असे मलाही वाटते, म्हणूनच विचारतो, गेल्या आठवड्यात कोणती औषधे घेतलीत?" असे एकांतात, मान राखून विचारले तर बहुतेक खेळाडू खरे सांगतात. मुलांच्या घोळक्यात विचारले तर कोणीच सांगणार नाही.

दुखापतीच्या स्वरूपानुसार जागा बदलण्याचा विचार करावा. कोपरारक्षकाला खाली बसून, एकदम बाजूला झेप घेऊन घोटा किंवा पट धरावा लागतो, त्यामुळे ज्याचा गुडघा पूर्ण वाकत नाही त्याने कोपऱ्यात उभे राहू नये. अशा खेळाडूला मध्यरक्षकाच्या जागी, कोपऱ्यातील तरुण मुलाचा हात धरून साखळीत खेळवले, तर त्याचे अनुभवाचे बोल थेट त्या मुलाच्या कानावर पडतात. 'थांब, बोनसला येऊ दे', 'आता वळेल', एवढे दोन शब्दही पुरतात. उलट ज्याचा खांदा दुखावलेला आहे त्याला मध्यरक्षक करू नये, कारण डॅश मारताना, म्हणजे धक्का देऊन चढाईपटूला मैदानाबाहेर ढकलताना, आणि त्याला अंगावर घेऊन थोपवताना पहिला आघात खांद्यावरच येतो. त्याने कोपऱ्यातच राहावे, आणि सूर मारण्यापेक्षा उभ्याने मांडीची पकड करावी. दोन्ही ठिकाणी अडचण असेल तर नम्रपणे नकार द्यावा.

त्याला मैदानात केव्हा उतरवायचे हेही नियम पाहून आधीच ठरवावे. सर्वसाधारण नियमांनुसार वीस मिनिटांच्या प्रत्येक डावात तीस सेकंदांचे दोन टाइम-आउट मिळतात, बदली खेळाडू त्या वेळी किंवा मध्यंतरात उतरवता येतो, आणि बाद झालेल्या खेळाडूच्या जागी बदली मिळत नाही. स्थानिक स्पर्धांत यात फरक असू शकतो, म्हणून नियमपत्रक आदल्या दिवशी वाचावे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की मैदानात आपले तीनच खेळाडू उरले असताना अव्वल पकडीचे दोन गुण मिळवण्यासाठी अनुभवी माणूस हवा असेल, तर त्या तिघांपैकीच कोणाला तरी बाहेर घ्यावे लागते. शिवाय त्यासाठी टाइम-आउट शिल्लक असावा लागतो. मी दुसऱ्या डावातील एक टाइम-आउट याच कामासाठी राखून ठेवतो.

बाकावर बसलेल्या वयस्क खेळाडूचे शरीर डिसेंबरच्या रात्री किती लवकर थंड पडते याची कल्पना तरुण प्रशिक्षकांना नसते. नऊचा सामना साडेदहाला सुरू होतो, हा माणूस तासभर खुर्चीत बसलेला असतो, आणि मग एकदम त्याला सर्वांत कठीण क्षणी आत पाठवले जाते. मांडीचा मागचा स्नायू फाटायला यापेक्षा अनुकूल परिस्थिती नाही. म्हणून त्याच्याजवळ लांब पायजमा आणि शाल असावी, दर दहा मिनिटांनी त्याने मैदानामागे पाच मिनिटे जागच्या जागी धावावे, आणि पहिल्या डावाच्या अखेरीस एका मुलाबरोबर चार-पाच हलक्या पकडी करून घ्याव्यात. सलग दोन रात्री सामने असतील तर दोन्ही रात्री त्याला खेळवू नये. आठवड्यातून पूर्ण जोराचा सराव एकदाच द्यावा, उरलेल्या दिवशी ताकदीचे व्यायाम आणि मुलांना शिकवणे एवढेच काम ठेवावे.

ज्या तरुणाच्या जागेवर हा खेळाडू येणार आहे, त्याच्याशी करारापूर्वी बोलावे. त्याला ही बातमी कट्ट्यावरून समजली तर तो सराव सोडतो, आणि मग राखीव म्हणून घेतलेल्या जखमी माणसावर चाळीस मिनिटांचा भार पडतो.

कागदपत्रांत फार वेळ घालवण्याची गरज नाही, पण काही गोष्टी लेखी असाव्यात. खेळाडूची नोंद दुसऱ्या जिल्ह्याकडे असल्यास तेथील ना-हरकत पत्र घ्यावे, आणि तो रेल्वे, पोलीस किंवा बँकेच्या नोकरीत असेल तर कार्यालयाची परवानगी आणि रजा त्यानेच आधी पक्की करावी. अपघात विम्याच्या अर्जात जुनी दुखापत स्पष्ट लिहावी, कारण ती लपवली तर पुढचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. जुनीच दुखापत पुन्हा उद्भवली तर उपचाराचा किती खर्च मंडळ करील, हा आकडा खेळाडूशी केलेल्या करारपत्रात असावा, आणि तो मंडळाच्या शिलकीला झेपेल एवढाच असावा. मानधन सामन्यांच्या संख्येवर ठरवू नये, कारण तसे ठरवले की दुखत असतानाही तो खेळायला तयार होतो. संपूर्ण मोसमाची एकच रक्कम ठरवून तीन हप्त्यांत द्यावी.

त्याच पत्रात थांबण्याची अटही लिहावी. सामन्यानंतर दोन सकाळी लागोपाठ सूज दिसली, किंवा फिजिओथेरपिस्टने नाही म्हटले, तर त्या मोसमात तो पुन्हा मैदानात उतरणार नाही, आणि हा निर्णय एकट्या प्रशिक्षकाचा किंवा एकट्या खेळाडूचा असणार नाही. आमच्या पत्रातील शेवटचे कलम असे आहे, की अशा रीतीने थांबावे लागले तरी उरलेले हप्ते ठरल्याप्रमाणे दिले जातील, आणि मोसम संपेपर्यंत आठवड्यातून तीन संध्याकाळी तो आखाड्यात येऊन कोपऱ्यातील मुलांना पकड शिकवील. हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, त्याच्या घरच्या एका माणसासमोर सही घ्यावी आणि एक प्रत त्याच्याकडे द्यावी.