पोर्तुगालला शिकायला जाताय? आधी कान तयार करा

सांगली-मिरजेतून पोर्तुगालला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना माझं एकच सांगणं आहे: पोर्तुगीज भाषेत बी-१ पातळीवर (म्हणजे मधल्या, रोजचं बोलणं जमण्याच्या पातळीवर) आलात की व्याकरणाची वही जरा बाजूला ठेवा आणि कानावर मेहनत घ्या. बऱ्याच ॲपवर ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात. तिचे स्वर मोकळे, स्पष्ट. लिस्बन-कोइंब्राकडे मात्र जोर नसलेले स्वर अक्षरशः गिळतात. 'तेलेफोनी' (म्हणजे टेलिफोन) ऐकायची सवय झालेल्याला तिथे 'त्ल्फोन' ऐकू येतं आणि माहीत असलेलं वाक्यही अनोळखी वाटतं.

म्हणून निघण्याआधीच आरटीपीच्या (पोर्तुगालच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या) 'आंतेना १' रेडिओवरच्या बातम्या ऐकायला लागा, इंटरनेटवर फुकट मिळतात. मिनिटभराचाच तुकडा घ्या. ऐका, लिहून काढा, मग निवेदकाच्या वेगानं त्याच्याबरोबर मोठ्यानं बोला. घरचे हसले तर हसू द्या.

तिथे तुम्ही अडखळलात की दुकानदार इंग्रजीवर येतो. लगेच म्हणा, 'पुदेमुश फलार पुर्तुगेश?' म्हणजे, 'पोर्तुगीजमध्ये बोलू या का?' खोलीत मराठी मुलंच असतील तर जेवण एकत्र करा, पण बाजारहाट एकट्यानं करा. बी-१चं प्रमाणपत्र हवं असेल तर 'देप्ले' परीक्षा आहे. तिच्यात ऐकून समजण्याचा भाग वेगळा असतो.