रेटिनाचं इम्प्लांट आखताना: आधी चार्ज मोजा, इलेक्ट्रोड मग

डोळ्यामागच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, बसवायच्या चिपचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: इलेक्ट्रोड, म्हणजे करंट देणारी टोकं, किती? आजवरच्या तीन चिप घ्या: आर्गस टूमध्ये ६० होते, अल्फा आयएमएसमध्ये सुमारे १,५०० पिक्सेल, प्रिमामध्ये ३७८. संख्येवरच सगळं ठरत असतं तर अल्फाने बाजी मारली असती. अक्षरं वाचण्यात पुढे गेली ती ३७८ वाली चिप. म्हणून कागदावर पहिली ओळ इलेक्ट्रोडच्या संख्येची लिहू नका. कोणत्या पेशी अजून जिवंत आहेत, त्यांच्यापर्यंत किती चार्ज (विद्युतभार) धोका न होता पोचतो आणि तो करंट कुठून परत येतो, एवढं आधी ठरवा. संख्या त्यातूनच निघते.

खाली दिलेल्यातला बराचसा भाग प्रयोगशाळेच्या टेबलावर, मिठाच्या पाण्यात करून बघता येतो. माणसाच्या डोळ्याजवळ जायचं तर रेटिना सर्जन, एथिक्स कमिटी आणि भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची परवानगी हवी. या वाटेला आडवाट नाही.

पेशंट कोण, ते आधी

रेटिनायटिस पिग्मेंटोसात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, पण आतल्या थरातल्या, संदेश पुढे नेणाऱ्या बायपोलर आणि गँग्लियन पेशी बऱ्याच उरतात. वयानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या (रेटिनाच्या मधल्या भागाच्या) कोरड्या झिजेत मधली नजर जाते, कडेची टिकते. या दोन्ही आजारांत रेटिनावरचं इम्प्लांट चालू शकतं. काचबिंदूने नसच वाळली असेल तर चालणार नाही: वायर तुटलेल्या घरात बल्ब बदलून काय होणार? तिथे मेंदूच्या दृष्टिभागावरच जावं लागतं. ब्रिंडली आणि लेविन यांनी १९६८ मध्ये ८० इलेक्ट्रोड मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवून प्रकाशाचे ठिपके दाखवले होते. स्पेनमधल्या एल्चेच्या गटाने २०२१ मध्ये ९६ सुयांच्या जाळीचा सहा महिन्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. तो वेगळा आराखडा आहे, इथे त्यात शिरत नाही.

पेशंटने आयुष्यात कधीतरी नीट पाहिलेलं असणंही गरजेचं. आकार ओळखायला न शिकलेल्या मेंदूला ठिपक्यांतून खुर्ची जुळवता येत नाही.

जागा आणि आकार

इलेक्ट्रोड रेटिनाच्या वर, म्हणजे डोळ्यात भरलेल्या काचद्रवाच्या (जेलीच्या) बाजूला ठेवले की शस्त्रक्रिया तुलनेने सोपी जाते. पण तिथे गँग्लियन पेशींचे तंतू इलेक्ट्रोडच्या अगदी खालून जातात. करंट त्या तंतूंनाच लागला की मेंदूला वाटतं दूरच्या पेशीने हाक मारली, आणि गोल ठिपक्याऐवजी लांबट रेघ दिसते. २५ मिलिसेकंदांच्या आसपासचे लांब पल्स, म्हणजे करंटचे झटके, दिले तर तंतूंपेक्षा बायपोलर पेशी जास्त चेतवल्या जातात आणि रेघ आखडते, पण चार्ज वाढतो. रेटिनाच्या खाली चिप सरकवली तर बायपोलर पेशी थेट समोर येतात. मोबदल्यात रेटिना उचलण्याची शस्त्रक्रिया पत्करावी लागते.

चिपचा आकार ठरवताना डोळ्याची वक्रता विसरू नका. डोळ्याची त्रिज्या साधारण १२ मिमी धरा. ५ मिमी रुंद सपाट पट्टी आतून टेकवली तर कडा टेकतात आणि मधोमध ०.२६ मिमी फट राहते. २६० मायक्रॉनची फट, तीही नेमकी मॅक्युलावर! अंतर वाढलं की ठिपका दिसण्यासाठी लागणारा करंट झपाट्याने चढतो. तीच पट्टी २ मिमीची केली तर फट ०.०४ मिमी उरते. प्रिमाची चिप २ मिमी चौरस आणि फक्त ३० मायक्रॉन जाड आहे. मात्र रेटिनावर १ अंश म्हणजे सुमारे २८८ मायक्रॉन, त्यामुळे २ मिमीत जेमतेम ७ अंशांचं दृश्य मावतं. मोठं क्षेत्र हवं असेल तर पॉलिइमाइड या प्लास्टिकची लवचिक पट्टी घ्या आणि तिला साच्यात आधीच वाक द्या. सपाट पट्टी "बसेल हळूहळू" या भरवशावर सोडू नका.

दोन पिक्सेलमधलं अंतर किती हवं, त्याचं गणितही याच आकड्यातून निघतं. १ कलेला (अंशाच्या साठाव्या भागाला) ४.८ मायक्रॉन. ६/६ नजरेत १ कलेचा तपशील दिसतो. म्हणजे १०० मायक्रॉनचा पिक्सेल फार तर ६/१२५ देईल, ७० मायक्रॉनचा ६/८७. अल्फा आयएमएस ७० मायक्रॉनवर होती, पण तिची नोंदलेली सर्वोत्तम नजर ६/१६४ च्या आसपास थांबली. प्रिमा १०० मायक्रॉनची असून पहिल्या पेशंटमध्ये नजर पिक्सेलच्या आकाराच्या जवळ गेली. फरक परतीच्या वाटेचा. प्रिमात प्रत्येक पिक्सेलभोवती करंट परत घेणारा स्वतःचा रिटर्न इलेक्ट्रोड आहे, अल्फात तो दूर होता आणि शेजारच्या पिक्सेलचे करंट एकमेकांत मिसळत.

यालाही मर्यादा आहेच. रिटर्न जितका जवळ, करंट तितका उथळ. पिक्सेल ५० मायक्रॉनखाली नेले की सपाट चिपचं विद्युतक्षेत्र पेशींपर्यंत पोचतच नाही. मग खांबासारखे उंच इलेक्ट्रोड किंवा मधमाशीच्या पोळ्यासारख्या भिंती बनवाव्या लागतात.

चार्जचा हिशेब

एक उदाहरण हाताने सोडवू. इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा, व्यास २०० मायक्रॉन. क्षेत्रफळ ०.०००३१४ चौ. सेंमी. प्लॅटिनमसाठी ०.३५ मिलिकुलंब प्रति चौ. सेंमी ही जपून घेतलेली मर्यादा धरा. एका फेजला (पल्सच्या एका दिशेच्या भागाला) ११० नॅनोकुलंब मिळाले. पल्स ०.४५ मिलिसेकंदांचा असेल तर करंट २४४ मायक्रोअँपिअर. आता हौसेने व्यास २० मायक्रॉन करा: क्षेत्रफळ शंभरपट घटलं, हातात १.१ नॅनोकुलंब आणि २.४ मायक्रोअँपिअर उरले. पेशी चिपपासून दूर असतील तर एवढ्याने ठिपका उमटेलच असं नाही. इलेक्ट्रोड बारीक करताना इरिडियम ऑक्साइडचा थर का देतात ते इथे कळतं: त्याची चार्ज पेलण्याची क्षमता प्लॅटिनमच्या कितीतरी पट आहे.

पल्स नेहमी दोन फेजचा द्या, आधी ऋण, मग तेवढाच धन. "तेवढाच" या शब्दात सगळा धोका आहे. दोन फेजमध्ये १ टक्का फरक राहिला तर ११० नॅनोकुलंबावर १.१ नॅनोकुलंब शिल्लक पडतात, सेकंदाला २० पल्स म्हणजे सतत २२ नॅनोअँपिअरचा डीसी (एकाच दिशेचा करंट). ५ टक्के फरकाला तोच ११० होतो. बरेच डिझायनर १०० नॅनोअँपिअर ही वरची रेघ मानतात. ती ओलांडली की इलेक्ट्रोड गंजू लागतो आणि आजूबाजूचा पीएच बदलतो.

उपाय म्हणून प्रत्येक लाइनला कपॅसिटर लावावासा वाटतो. १०० नॅनोफॅरडचा लावला तर ११० नॅनोकुलंबाला त्यावरच १.१ व्होल्ट पडतात, आणि ६० कपॅसिटर डोळ्याच्या भिंतीवर बसवायला जागा कुठून आणणार? त्यामुळे बहुतेक वेळा पल्स संपल्यावर इलेक्ट्रोड रिटर्नला शॉर्ट करून उरलेला चार्ज सोडतात. पुढचा पल्स देण्याआधी उरलेलं व्होल्टेज ±५० मिलिव्होल्टच्या आत आलं की नाही हे चिपनेच तपासावं, आणि नसेल तर ती लाइन बंद करावी.

वेळेचंही बजेट करा. ऋण फेज, धन फेज, मधली फट आणि शॉर्ट धरून एका पल्सला २ मिलिसेकंद. २० हर्ट्झला ५० मिलिसेकंद मिळतात, म्हणजे २५ खाने. ६० इलेक्ट्रोड एकामागून एक मावत नाहीत, निदान तीन-तीन एकत्र द्यावे लागतील. ते तीन एकमेकांपासून शक्य तितके लांबचे निवडा. शेजारी एकाच क्षणी चेतवले की दोन ठिपक्यांचा एक भोपळा होतो. सगळे साठ एकदम चालवले तर मागणी १४.६ मिलिअँपिअरवर जाते, तिघांना ०.७३ पुरतात. त्यामुळे बिनतारी पॉवर देणारी कॉइलही लहान राहते.

मिठाच्या पाण्यातली परीक्षा

फॉस्फेट बफर सलाइन १ लिटर: सोडियम क्लोराइड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १.४४ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२४ ग्रॅम. पीएच ७.४ वर आणा. त्यातून थोडा वेळ नायट्रोजन सोडा, नाहीतर विरघळलेला ऑक्सिजन आलेख बिघडवतो.

सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड घेऊन व्होल्टेज –०.६ ते +०.८ व्होल्ट, सेकंदाला ५० मिलिव्होल्टने फिरवा. ही प्लॅटिनमची पाणी न फोडण्याची खिडकी. मग खरा पल्स देऊन स्कोपवर पाहा. करंट सुरू होताक्षणी जी उभी उडी दिसते ती द्रवाच्या रोधाची. ती वजा करून उरलेला उतार –०.६ च्या खाली जाता कामा नये. नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे पूर्ण व्होल्टेज बघून घाबरणं, किंवा उडी नीट न वजा करता निर्धास्त होणं. आणि शरीरात प्रथिनं चिकटल्यावर क्षमता सलाइनमधल्यापेक्षा कमी भरते, म्हणून काठावरचा निकाल नापास समजा.

टिकाऊपणासाठी तापमान वाढवा. दर १० अंशांना वेग दुप्पट हा ढोबळ नियम. ३७ ऐवजी ६७ अंशांना आठपट, ८७ ला बत्तीसपट, म्हणजे पाच वर्षं सुमारे ५७ दिवसांत. चिकटद्रव्य ८७ ला मऊ पडत असेल तर मात्र तुम्ही भलतंच काहीतरी तपासताय. सॅम्पल नुसतं बुडवून ठेवू नका, लाइनवर व्होल्टेज चालू ठेवा; गंज त्यानेच चढतो.

बिघाडाची सुरुवात बहुतेकदा फार साधी असते. सिलिकोन पाण्याची वाफ आत येऊ देतं, यात काही नवल नाही. सिलिकोन खालच्या पृष्ठभागाला पक्कं चिकटलेलं असेल तर वाफेला पाणी व्हायला जागाच मिळत नाही. पण सोल्डरच्या फ्लक्सचा कण किंवा बोटाचा ठसा राहिला की तिथलं मीठ पाणी ओढतं, सुईच्या टोकाएवढा फोड येतो आणि तिथून थर सुटत जातो. मायक्रोस्कोपखाली फोड दिसला की दोन शेजारच्या लाइनमधली करंटची गळती मोजा. आकडा आधीच हललेला सापडेल. चिपचा मेंदू म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स टायटेनियम किंवा सिरॅमिकच्या हवाबंद डबीत ठेवा आणि हेलियमने गळती तपासा.

उष्णतेची अट: ताकद कॉइलने द्या किंवा प्रकाशाने, इम्प्लांटचा बाहेरचा पृष्ठभाग शरीराच्या तापमानापेक्षा २ अंशांहून जास्त तापू नये.

कॅमेरा

चष्म्यावर कॅमेरा आणि चिपला कॉइल अशी रचना असेल तर डोळा फिरवला तरी चित्र फिरत नाही, पण मेंदू ठिपका डोळा जिथे वळलाय तिथे मानतो. हात कप शोधतो एकीकडे, कप असतो दुसरीकडे. पेशंटला डोळे सरळ ठेवून मान फिरवायला शिकवावं लागतं. प्रिमासारखी प्रकाशावर चालणारी चिप ही अडचण टाळते: चष्मा ८८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश डोळ्यात टाकतो, डोळा फिरला की चिपही त्या चित्रावरून फिरते, आणि हा प्रकाश उरलेल्या कडेच्या नजरेला दिसत नाही.

ठिपका उजळ करायचा असेल तर करंटऐवजी आधी पल्सचा दर वाढवून बघा. करंटने ठिपका उजळतो तसा पसरतोही. ठिपका काही सेकंदांत विरतो ही तक्रार हमखास येईल, तो बिघाड नव्हे. चित्र थोडं हलतं ठेवलं की पुन्हा दिसतं.

दिसतंय की नाही, ते कसं ठरवायचं

काळ्या टचस्क्रीनवर पांढरा चौकोन, त्याला बोट लावायचं. सरकत्या रेघेची दिशा. मग लँडोल्टचं सी, म्हणजे फट कुठल्या बाजूला आहे ते ओळखायचं कडं. प्रत्येक चाचणी चिप चालू, चिप बंद आणि इलेक्ट्रोडचा क्रम मुद्दाम विस्कटून अशा तिन्ही तऱ्हेने घ्या. विस्कटूनही तेवढेच गुण आले तर पेशंट आकार बघत नाही, उजेड कुठून येतो एवढंच हेरतोय.

निकाल वाचतानाही सावध राहा. प्रिमाच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३८ जणांपैकी ३२ जणांची वर्षभराने तपासणी झाली आणि २६ जणांची नजर लक्षणीय सुधारली. त्यात चष्म्याच्या झूमचा वाटा आहे. झूमशिवायची नजर वेगळी नोंदवा. शिवाय १९ जणांना गंभीर म्हणाव्या अशा अडचणी आल्या, बहुतेक पहिल्या दोन महिन्यांत. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्या त्या काळात दाट ठेवा.

आराखड्याच्या फाइलमध्ये आणखी एक पान आजच घाला. आर्गस टू जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांना बसवलं गेलं. २०१९ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं आणि पेशंटच्या डोळ्यात सुटे भाग नसलेलं यंत्र राहिलं. म्हणून चष्मा, बॅटरी आणि केबल बाजारात मिळणाऱ्या प्रमाणित जोडणीच्या घ्या. चष्मा आणि चिप यांच्यातल्या लिंकचा प्रोटोकॉल आणि प्रत्येक पेशंटची सेटिंग फाइल तिसऱ्या संस्थेकडे जमा ठेवा. चिप काढायची वेळ आली तर कोणता टाका आधी सोडायचा हे सर्जनकडून लिहून घ्या, आणि एमआरआय चालेल का, किती टेस्लापर्यंत, हे पेशंटच्या खिशातल्या कार्डावर मराठीतही छापा.