न निघणारी कॉईल, अडकलेला प्लग आणि इंदूरच्या गॅरेजात शिकलेलं काही

टू-व्हीलरचं काम शिकायला आलेली मुलं पहिल्या दिवशी एकच विचारतात, ताई इंजिन खोलायला कधी मिळणार. मी म्हणते आधी स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी टाकून पेट्रोल पेटवणारा प्लग, काढायला शीक. तोंड पडतं त्यांचं, कारण प्लग म्हणजे काय, पाना लावला, फिरवला, निघाला. नव्या गाडीत होतंही तसंच. पण पाच-सहा पावसाळे काढलेली गाडी घ्या, मधे कोणी प्लगला हातही लावला नाहीये, आणि आता तर बऱ्याच गाड्यांत प्लगला करंट देणारी कॉईल सरळ प्लगच्या डोक्यावरच बसवलेली असते, तिचं रबर प्लगच्या चिनीमातीला असं चिकटतं की वेल्डिंग केल्यासारखं वाटतं. माझे गॅरेजातले पहिले खरे धडे इथेच झाले म्हणून सविस्तर लिहिते.

मी इंदूरची, लोकमान्य नगरात वाढले. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकल केलं, दोन वर्षांचा ट्रेड आहे. बरोबरची बरीच मुलं इंदूरजवळच्या पीथमपूरला कंपन्यांत लागली, आईचंही तेच म्हणणं होतं की अगं ठरलेला पगार आहे, जाऊन-येऊन सोय आहे, पण मला रोज वेगळी गाडी हाताखाली हवी होती, म्हणून एका छोट्या गॅरेजात लागले. आमचे उस्ताद हिंदी बोलणारे, आणि कुठलीही अडकलेली वस्तू समोर आली की त्यांचा एकच प्रश्न, "इसको पकड़ के कौन बैठा है?" म्हणजे जोर लावायच्या आधी सांग, हिला धरून काय ठेवलंय. रबर, गंज, कार्बन, की आधीच्या माणसाने आवळून ठेवलंय. उत्तर दिल्याशिवाय पाना हातात मिळायचा नाही.

आधी कॉईलचं काम समजून घ्या. बॅटरीचे 12 व्होल्ट घेऊन ती काही हजार व्होल्ट करते, आत जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे खूप वेढे, एवढंच. बारीक तारेवरचं इन्सुलेशन वर्षानुवर्षं तापून तडकलं की गाडी थंड असताना मस्त चालते, आठ-दहा किलोमीटरनंतर मिसिंग मारते (म्हणजे मधेमधे ठिणगी चुकते), बंद पडते, आणि अर्धा तास उभी केली की परत चालू. असं कोणी सांगितलं तर कार्बोरेटर खोलत बसू नका, आधी कॉईल आणि प्लग बघा. वेगळी कॉईल आणि वायर असेल तर मल्टिमीटरने मोजता येतं, मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवून बघायचं, प्लगवर बसणारी रेझिस्टरवाली कॅप सहसा 5 किलो-ओहमच्या आसपास दाखवते. प्लगवर बसणाऱ्या कॉईलमध्ये कधीकधी आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, मग मीटरवर नीट कळत नाही. दोन सिलिंडर असतील तर सोपा उपाय, कॉईल आपसात बदला, मिसिंग दुसऱ्या सिलिंडरला गेलं की चोर सापडला.

आता ती गाडी सांगते जिच्यामुळे हे सगळं डोक्यात बसलं. ऑगस्ट महिना, एक काका ट्विन सिलिंडर बाईक घेऊन आले, इंदूरजवळचा चोरलचा घाट चढताना एकच सिलिंडर चालतो म्हणाले. टाकी काढली, कॉईल दिसली, मी कनेक्टर काढला आणि कॉईलचं डोकं धरून सरळ वर ओढलं. वरचा भाग हातात आला आणि खालची रबराची नळी तशीच आत विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात, प्लगला मिठी मारून बसलेली. पोटात गोळा आला माझ्या. नवीन कॉईलची किंमत तेव्हा माझ्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास होती.

उस्ताद ओरडले नाहीत. टॉर्च दिली आणि म्हणाले बघ. विहिरीत तळाला पाणी होतं. सिलिंडर हेडला (इंजिनचा वरचा भाग, प्लग यातच बसतो) बाजूने एक बारीक भोक असतं, प्लगच्या विहिरीत शिरलेलं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून, ते चिखलाने बंद झालेलं. पाणी साचलं, प्लगच्या लोखंडी भागाला गंज चढला, रबर त्या गंजाला आणि उष्णतेने चिनीमातीला धरून बसलं, आणि करंट पाण्यातून हेडला जायला लागला, म्हणून मिसिंग. एका भोकातल्या चिखलाने एवढं सगळं केलं होतं! तेव्हापासून कुठलीही गाडी आली की मी आधी ते भोक शोधते आणि बारीक तारेने मोकळं करते, दोन मिनिटं लागतात.

त्या नळीला काढायला दीड तास गेला. सिलिकॉन स्प्रे रबर आणि चिनीमातीच्या मधे बारीक नळीने सोडला, दहा मिनिटं थांबलो, मग लांब नाकाच्या पकडीने नळीची कड धरून आधी फक्त गोल फिरवली, डावीकडे थोडी, उजवीकडे थोडी. "ज़ोर मत लगा, घुमा पहले." रबर फिरायला लागलं म्हणजे चिकटलेलं सुटलं, त्यानंतरच वर ओढायचं. मी उलटं केलं होतं, आधी ओढलं होतं.

तर कॉईल किंवा कॅप काढायची पद्धत अशी. इंजिन कोमट असू द्या, म्हणजे हात लावता येईल एवढंच, रबर नरम असतं. कनेक्टरचं लॉक आधी दाबून सोडवा, जुनं प्लास्टिक उष्णतेने कडक होतं आणि चट्कन तुटतं, म्हणून वायर धरून कधीच ओढायचं नाही. मग कॉईल फिरवा, फिरवत फिरवत वर घ्या. स्क्रू-ड्रायव्हर खाली घालून उचकटू नका, हेडच्या कव्हरची कड चेपते नाहीतर कॉईल तडकते, आणि ती तड डोळ्याला दिसत नाही, पहिल्या पावसात कळते.

प्लगचं मात्र बरोबर उलटं, तो थंड इंजिनमध्येच काढायचा. हेड ॲल्युमिनियमचं, प्लगचे आटे स्टीलचे, आणि गरम ॲल्युमिनियम नरम असतं, जोर दिला की हेडचे आटे (आमच्याकडे सगळे चुडीच म्हणतात) प्लगबरोबर ओढले जातात. म्हणून आमच्याकडे जुनी अडेल गाडी आली की कॉईल संध्याकाळी काढतो आणि प्लग सकाळी. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण हे समजावून सांगितलं की ऐकतात लोक.

प्लगला पाना लावायच्या आधी हवा मारा. विहिरीत जी वाळू, माती असते ती प्लग निघाल्याबरोबर सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टन खाते. कॉम्प्रेसर नसेल तर ब्रश आणि फुंकणी, पण करा. मग पाना सरळ, अगदी सरळ, प्लगच्या रेषेत. पाना तिरका झाला की चिनीमाती तुटते. चावी बंद हवी, बॅटरी सुटलेली असेल तर उत्तम.

फिरत नसेल तर गंज सुटायचं तेल बुडाशी टाका आणि गाडी रात्रभर सोडा. सकाळी पाव फेरा सैल झाला की आनंदाने सरसर काढू नका, परत थोडा आवळा, परत सैल करा, मधे तेल टाका. प्लगच्या खालच्या टोकाला आटे सिलिंडरमध्ये उघडे असतील तर त्यांच्यावर कार्बन बसतो, तो कार्बन वर येताना हेडच्या आट्यात रुततो, पुढे-मागे केल्याने तो झडतो. हात थांबला आणि कुरकुर आवाज आला तर तुम्हीही थांबा. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, घालता येतं पण ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, आणि आतला कचरा काढल्याशिवाय किक मारू नका.

निघालेला प्लग फेकू नका, वाचा. फिकट तपकिरी म्हणजे सगळं ठीक, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघावी लागेल, पांढराफटक म्हणजे इंजिन जास्त तापतंय. मी पुढे एका सर्व्हिस सेंटरला ट्रायल द्यायला गेले तेव्हा मला चार जुने प्लग हातात देऊन हेच विचारलं होतं.

नवीन प्लग मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच नंबर. एनजीकेमध्ये आकडा मोठा तसा प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, आणि बॉशमध्ये बरोबर उलटं, म्हणून दुकानदाराने "यही चलेगा भिया" म्हटलं तरी आकडा स्वतः तपासा. गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट, फिलर गेजने (ती मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा, इरिडियम असेल तर मधल्या बारीक टोकाला काहीही लावू नका. खोल विहिरीत प्लग बसवायला पेट्रोल पाईपचा वीतभर तुकडा घ्या, प्लगच्या डोक्यावर चढवा आणि बोटांनी फिरवा, आटा तिरका बसला तर पाईप स्वतःच घसरतो, हेड वाचतं. पाना शेवटी. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) असेल तर 10 एमएम आट्याला 10 ते 12 न्यूटन-मीटर, 12 एमएमला 15 ते 20, 14 एमएमला 25 ते 30. नसेल तर हाताने टेकल्यावर नव्या वॉशरचा प्लग अर्धा फेरा किंवा त्याच्या किंचित पुढे, बस. पोरं इथेच ताकद दाखवतात आणि पुढच्या माणसाला रडवतात.

रबराच्या आत सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, पुढच्या वेळी कॉईल दोन बोटांनी येते. प्लगच्या आट्याला मात्र काही लावू नका, चांगल्या प्लगवर आधीच मुलामा असतो, वर ग्रीस लावलं की पाना हलका फिरतो आणि आपण नकळत जास्त आवळतो.

हत्यारं इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतात, सुरुवातीला प्लगचे दोन चांगले पाने, एक लांब नाकाची पकड, फिलर गेज आणि टॉर्च एवढं घ्या, सोळाचा पाना आधी, कारण छोट्या गाड्यांचे 10 एमएमवाले प्लग त्यानेच निघतात. टॉर्क रेंच मी तिसऱ्या वर्षी घेतला, पैसे साठवून, आणि वाटतं आधीच घ्यायला हवा होता.

त्या काकांची गाडी दुसऱ्या दिवशी चालू झाली. कॉईलचे पैसे उस्तादांनी निम्मे स्वतः भरले, निम्मे माझ्या पगारातून तीन महिन्यांत कापले. मी तेजाजी नगरपर्यंत चालवून आणली, इंजिन पूर्ण तापू दिलं, मग हेडवर बाटलीने पाणी ओतून बघितलं, आवाज बदलला नाही. बाजूच्या भोकातून ते पाणी थेंब थेंब खाली येत होतं, काकांना वाकून दाखवलं, आणि गंजलेला जुना प्लग कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला.