पडून असलेली जावा-येझदी घरी चालू करायची तर रंग सगळ्यात शेवटी

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ ला बंद झाला, पण कोल्हापुरात जुन्या घरांच्या सोप्यात आणि गोठ्यामागच्या छपरात त्यांच्या जावा-येझदी मोटरसायकली अजून धूळ खात उभ्या आहेत. हौसेनं कुणीतरी गाडी बाहेर काढतो, एका रविवारी सगळी सोडवतो, टाकी रंगाला देतो आणि उरलेली गाडी पोत्यात जाते. त्या पोत्यातून ती क्वचितच बाहेर येते. म्हणून आधी इंजिन वाजवायचं, मग ब्रेक, आणि रंग अगदी शेवटी.

पाना हातात घ्यायच्या आधी कागद बघा. आरसी बुकावरचा इंजिन आणि चासिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा. गाडी निपाणी-बेळगावकडची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) लागते. गाडी वडिलांच्या-आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करून घ्या. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळतो, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. रोज चालवायची असेल तर साधं रजिस्ट्रेशनच दर ५ वर्षांनी नूतनीकरण करत राहा.

आता इंजिन. स्पार्क प्लग काढा आणि किक हातानं दाबून बघा. या गाड्यांत किक आणि गिअरचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक होते. इंजिन जाम असेल तर किकवर उभं राहू नका, आतले दाते तुटतात. प्लगच्या भोकातून डिझेल आणि टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) निम्मं-निम्मं ओता, दोन दिवस राहू द्या. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हळूहळू पुढं-मागं हलवा. पिस्टन सुटतो तेव्हा हाताला लगेच कळतं. नाहीच सुटला तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडा.

जुन्या जावाची ठिणगी बॅटरीवर चालते. ६ व्होल्टची चांगली बॅटरी जोडल्याशिवाय ठिणगीची कॉईल खराब आहे असं ठरवू नका. १२ व्होल्टची जोडू नका. पॉइंट, म्हणजे उघडझाप होऊन ठिणगी पाडणारे दोन संपर्क, बारीक पॉलिश पेपरनं घासा, पेट्रोलनं पुसा आणि फट ०.४ मिलिमीटर ठेवा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगला टेप गुंडाळत बसण्यापेक्षा वायरिंगचा सगळा नवा जुडगा (हार्नेस) टाकलेला बरा.

टाकीला सगळ्यात जास्त वेळ द्या. पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद करा, आत मूठभर जुने नटबोल्ट टाका आणि साबणाच्या पाण्यात टाकी हलवत राहा. तांबडं पाणी बाहेर येईल. नटबोल्ट मोजून काढा. मग लिटरभर गरम पाण्याला ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड या मापानं टाकी गच्च भरून रात्रभर ठेवा. सकाळी आतला पत्रा राखाडी दिसला पाहिजे. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं खळबळा, उन्हात कडक वाळवा आणि आत टू-टी ऑईल फिरवा. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत ओला पत्रा तासाभरात पुन्हा गंजतो. फरशी साफ करायचं अॅसिड वापरू नका, ते पत्राच खातं.

कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात, तार घालू नका. भोक मोठं झालं की गाडी कधीच नीट लागत नाही. क्लीनर फवारा, हवा मारा. पेट्रोलचे पाइप नवे, इथेनॉलला टिकणारे घ्या. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, त्यामुळं पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका.

पेट्रोलच्या लिटरला ४० मिली टू-टी ऑईल मिसळा, गिअर ऑईल बदला आणि किक मारा. आत ओतलेलं तेल जळेपर्यंत सुरुवातीला धूर येऊ द्या. पांढरा धूर थांबतच नसेल आणि गिअर ऑईल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील (क्रँकच्या टोकाचं तेल-हवा अडवणारं रबर) गेलंय. ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिन आपोआप पळत असेल तर डायनामोच्या बाजूच्या सीलमधून हवा ओढली जातेय. क्रँककेस उघडायचं हे काम घरी करू नका, जाणत्या मिस्त्रीकडं द्या.

बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, घासलं असेल तर कोल्हापूरकरांसारखी सोय फार थोड्यांना आहे. उद्यमनगरात लेथवाल्यांची कमी नाही. २५० सीसीच्या इंजिनाचं मूळ बोअर ६५ मिलिमीटर. आधी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा थोडा मोठा) पिस्टन विकत घ्या आणि सिलिंडरसोबत तोच कारागिराच्या हातात द्या. बोअर त्या पिस्टनच्या मापानं कापायचं असतं. नुसता सिलिंडर देऊन पिस्टन नंतर शोधला तर फट बिघडते आणि इंजिन पुन्हा जाम होतं.

रस्त्यावर यायच्या आधी ब्रेक लायनर, केबल आणि टायर बदला. नक्षी चांगली दिसली तरी दगडासारखा झालेला टायर पावसात घसरतो. जुन्या लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारू नका, मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसा.

नवा पिस्टन असेल तर पहिले ५०० किलोमीटर ताशी ५० च्या आत, डबलसीट न बसवता चालवा. मग इंजिन थंड असताना हेडचे नट पुन्हा कसा. गाडी एवढी धावली की रंगाला द्या. मूळ रंगाचा नमुना सीटखाली बघायला मिळतो. रंगवताना चासिस नंबरवर टेप लावायला पेंटरला बजावून सांगा. नंबर रंगाखाली बुजला तर आरटीओच्या तपासणीत अडतं.