यूटीआय नक्की कोणी बनवायचा? रिपोर्टिंग डेस्कवर नवीन आलेल्यांसाठी

मी नागपुरात बसून युरोपातल्या क्लायंटचं डेरिव्हेटिव्ह (व्याजदर, चलन, शेअर अशा दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर चालणारे सौदे) रिपोर्टिंग बघते, आणि डेस्कवर नवीन आलेली पोरं-पोरी पहिल्या आठवड्यात हमखास एकाच ठिकाणी अडकतात, ते म्हणजे यूटीआय, युनिक ट्रान्झॅक्शन आयडेंटिफायर, प्रत्येक डीलचा ओळख नंबर. नावातच गोंधळ आहे, यूटीआय म्हटलं की घरच्यांना म्युच्युअल फंड आठवतो आणि यूपीआय म्हटलं की पानठेल्यावरचा क्यूआर कोड, पण आपल्या कामात यूपीआय म्हणजे प्रॉडक्टचा १२ कॅरेक्टरचा कोड, क्यूझेडने सुरू होणारा, तो हजार डीलला सारखा असू शकतो. यूटीआय मात्र एका डीलचा एकच. आणि आरटीजीएसचा यूटीआर ही तिसरीच गोष्ट, ती पेमेंटची खूण आहे, तिला इथे आणूच नका.

हे कशासाठी चाललंय ते आधी डोक्यात बसवा म्हणजे पुढचं पाठ करावं लागत नाही. २००८ मधे अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक बुडाली तेव्हा कोणाचे कोणाकडे किती पैसे अडकलेत हे रेग्युलेटरला एका जागी दिसतच नव्हतं, म्हणून २००९ मधे पिट्सबर्गला जी-२० देशांनी ठरवलं की ओटीसी म्हणजे एक्स्चेंजबाहेर थेट केलेले डेरिव्हेटिव्ह सगळे ट्रेड रिपॉझिटरीत, म्हणजे डीलच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेत, नोंदवायचे. युरोपात दोन्ही बाजू रिपोर्ट करतात, त्यामुळे दोघांनी वेगवेगळा नंबर टाकला तर एक डील दोन दिसते, सरळ हिशोब आहे.

नंबर दिसतो कसा? जास्तीत जास्त ५२ कॅरेक्टर, पहिले २० म्हणजे नंबर बनवणाऱ्याचा एलईआय (संस्थेचा ओळख कोड), उरलेले ३२ पर्यंत त्याने स्वतःच्या सिस्टीममधून द्यायचे, फक्त कॅपिटल अक्षरं आणि आकडे, मधे स्पेस, डॅश काही नाही. म्हणजे पहिले २० वाचले की नंबर कोणी बनवला ते लगेच कळतं, आणि ज्याने बनवायला हवा त्याचे ते नसतील तर तिथेच थांबून विचारा.

आता मुख्य प्रश्न, बनवायचा कोणी. डील क्लिअर झाली असेल तर सीसीपी (दोन्ही बाजूंच्या मधे उभी राहून डीलची हमी घेणारी संस्था) बनवतो आणि क्लिअरिंग मेंबर (सीसीपीचा सभासद) आपल्या क्लायंटसाठी बनवतो, क्लिअर नाही पण ट्रेडिंग व्हेन्यूवर, म्हणजे एक्स्चेंजसारख्या बाजारात, झाली असेल तर व्हेन्यू, तेही नाही पण इलेक्ट्रॉनिक कन्फर्मेशन प्लॅटफॉर्मवर गेली असेल तर तो प्लॅटफॉर्म. यातलं काहीच नसेल तर बँक किंवा फंड आणि साधी कंपनी यांच्यात बँक किंवा फंडाने बनवायचा, आणि दोघं एकाच जातीचे असतील तर आपसात ठरवायचं. नाही ठरलं तर? दोघांचे एलईआय उलटे करून क्रमाने लावायचे, जो आधी येईल तो बनवणार. इथे लोक चुकतात म्हणून नीट बघा, समजा एकाचा एलईआय ४७ ने संपतो आणि दुसऱ्याचा ८२ ने. सरळ बघितलं तर ४७ आधी वाटेल, पण उलटं वाचलं की ७४ आणि २८ होतात, म्हणजे ८२ वाला बनवणार. उलटं करायचं कारण असं की एलईआयचे पहिले चार कॅरेक्टर तो देणाऱ्या संस्थेचे असतात, सरळ लावलं असतं तर काही संस्थांच्या ग्राहकांवरच कायम हे काम पडलं असतं.

वेळेचं बघा. बनवणाऱ्याने नंबर डीलच्या पुढच्याच वर्किंग डेला १०:०० यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळ) आत समोरच्याला द्यायचा असतो. यूटीसी उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलत नाही, त्यामुळे लंडनचं घड्याळ पुढे-मागे झालं तरी नागपुरात ते बाराही महिने दुपारी साडेतीनच. मी मोबाईलवर तीनचा अलार्म लावून ठेवते, तोवर नंबर आला नाही तर फोन करते, मेल नाही. आणि नंबर येत नाही म्हणून स्वतःच काहीतरी बनवून रिपोर्ट ढकलू नका, कितीही प्रेशर आलं तरी. समोरची बाजू दुसऱ्या देशाच्या नियमात असेल तर ज्याची रिपोर्ट करायची डेडलाईन आधी त्याच्या नियमाने चालायचं.

एक माझ्यासोबत झालेलं सांगते. एका बँकेने नंबर पीडीएफमधे पाठवला, आमच्याकडे कोणीतरी बघून टाइप केला, आणि रिपॉझिटरीत डील पेअरच होईना, म्हणजे दोन्ही बाजूंचे रिपोर्ट जुळेनात. डोळ्यांनी दोनदा जुळवला, सारखाच दिसत होता, लांबी पण दोन्हीकडे ५२ निघाली. मग एक्सेलमधे एक्झॅक्टचा फॉर्म्युला लावलं तर फॉल्स, मिडचा फॉर्म्युला लावून एकेक कॅरेक्टर खाली उतरवलं आणि ३१व्या जागी शून्याच्या जागी ओ निघाला! तेव्हापासून टाइप करणं आमच्याकडे बंद, फाईल मागायची नाहीतर मेलच्या मजकुरातून कॉपी करायचं, कॉपी केल्यावर ट्रिम (जादा स्पेस काढायचा फॉर्म्युला), आणि आपला अंतर्गत डील नंबर जोडत असाल तर ती कॉलम टेक्स्ट करून ठेवा नाहीतर सुरुवातीची शून्यं एक्सेल खाऊन टाकतं. चुकलेला यूटीआय करेक्शनने बदलत नाही हे पण लक्षात असू द्या, चुकीचा रिपोर्ट एरर प्रकारच्या रिपोर्टने काढायचा आणि बरोबर नंबरने नवीन टाकायचा, आणि तो तोवर लेट झालेला असतो.

डील चालू असताना रक्कम बदलली, थोडी बंद केली, तरी नंबर तोच. नोव्हेशन होऊन समोरची पार्टी बदलली किंवा डील नंतर क्लिअरिंगला गेली तर जुनी बंद, नवीनला नवीन नंबर, आणि जुना नंबर नवीन रिपोर्टच्या प्रायर यूटीआयच्या खान्यात टाकायचा. हे खानं लोक रिकामं सोडतात, मग सहा महिन्यांनी ऑडिटवाला विचारतो ही डील कुठून आली, आणि सगळे जुने मेल चाळत बसतात.